डावा घोटा

दुर्वा डुंबरेचा डावा पाय सहा वर्षांनी पहिल्यांदा हलला, तेव्हा ती हरवलेला मोजा शोधत होती.

लाहौलमधल्या सिस्सू गावाच्या वरच्या अंगाला भारतीय स्नोबोर्ड संघाचं शिबिर होतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पलंगाच्या कडेला बसून तिनं उजव्या पायात मोजा चढवला, दुसरा दिसेना म्हणून ती खाली वाकली, आणि डाव्या पायाचा पंजा जरासा वर उठून पुन्हा खाली पडला. ती वाकल्या जागी थांबली. मग मनातल्या मनात म्हणाली, ऊठ. पंजा उठला. फार नाही, बोटभरही नाही. पण उठला.

पलीकडच्या पलंगावर रिगझिन अंगमो पाठमोरी बसून आपला कृत्रिम पाय चढवत होती. आज वर गारठा जास्त आहे, बोर्डाचं मेण बदलावं लागेल, असं काहीतरी ती सांगत होती. दुर्वानं मोजा ओढला, त्यावर प्लास्टिकचं स्प्लिंट घट्ट आवळलं आणि हो म्हणाली. सहा वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट घडली होती, आणि ती कुणाला सांगायची तिची छाती होत नव्हती.

याचं कारण कळायला थोडं मागं जायला हवं.

दुर्वा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची. वडील दत्तात्रय डुंबरे, तिचे आप्पा, शाळेत व्यायामशिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन डोंगरकडे चढायचे. आठ वर्षांची व्हायच्या आधी दुर्वाच्या कमरेला दोर लागला होता. तेविसाव्या वर्षी जीवधनच्या कड्यावर उतरताना वरची मेख निसटली आणि ती तीस फूट खाली एका कपारीवर आदळली. मेख आप्पांनी स्वतः ठोकलेली होती. दुर्वाचं मोडलेलं हाड जुळून आलं, पण मांडीच्या मागच्या बाजूला चेंगरलेला मज्जातंतू मात्र जुळला नाही. डावं पाऊल लोंबायला लागलं. ते उचलता येईना, चालताना बोटं फरशीवर घासायची. त्या दिवसानंतर आप्पांनी दोराला हात लावला नाही आणि घरात जीवधनचं नाव कुणी काढलं नाही.

दोन वर्षांनी एका मैत्रिणीनं तिला औलीला, अपंगांसाठीच्या बर्फाच्या शिबिरात नेलं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. लोंबणाऱ्या पावलाला लोंबायला तिथं जागाच नसते. स्प्लिंट घोटा काटकोनात धरून ठेवी आणि वळायचं सगळं काम दुर्वा गुडघा आणि कमरेकडून करून घेई. जमिनीवर लंगडणारी दुर्वा बर्फावर लंगडत नव्हती. चार दिवसांच्या शिबिराला गेलेली पोर चार वर्षं झाली तरी डोंगरातच होती.

तिचा खेळ होता स्नोबोर्ड क्रॉस. एका दारातून चार जणींना एकदम सोडतात. खाली उंचवटे, बांध घातल्यासारखी तिरकी वळणं आणि उड्या. घड्याळाशी नव्हे, शेजारणीशी लढायचं, आणि पहिल्या दोघी पुढच्या फेरीत जाणार. अपंगांच्या शर्यतीत गट पाडतात ते तपासणी करून. गुडघ्याखाली पाय नसलेल्या आणि घोट्यात जोर नसलेल्या बायका एका गटात येतात. घोट्याचा जोर मोजायची रीत जुनीच राहिली होती. तपासणारा पाऊल हातात धरतो, उचलायला सांगतो, आणि शून्य ते पाच असे गुण देतो. दुर्वाचा शून्य होता. तीनच्या वर गेलं की गटातून बाहेर.

याच खेळात जोडीची शर्यतही असते. एका देशाच्या दोघी. पहिली खाली रेषा ओलांडते तेव्हा वर दुसरीचं दार उघडतं. गेल्या वर्षी रिगझिन आणि दुर्वाचं पदक हातभर अंतरानं हुकलं होतं. या वर्षी जागतिक स्पर्धा इथंच, सिस्सूच्या उतारावर, एकवीस मार्चपासून होणार होती. लाहौलमध्ये आता दहा आठवडेच बर्फ टिकायचा. गेल्या हिवाळ्यातला बर्फ भुशाखाली आणि पांढऱ्या चादरींखाली उन्हाळाभर राखून तो मार्ग बांधला होता. गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यावर खपलं होतं. देशात या गटातल्या बायका दोनच.

आणि पाय हलला होता.

उपचार तिनं सप्टेंबरात पुण्यात सुरू केला होता. मज्जातंतू म्हणजे तार, असं शाळेत शिकवतात. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की तार नको, शेतातला पाट समजा. पाट फुटला की पाणी पुढं जात नाही. तसं शरीर स्वतःच पाणी पुढं ढकलायचा प्रयत्न करतं, दिवसाला एक मिलिमीटर. पण तोवर कोरडा पाट गाळानं भरतो आणि पलीकडचा वाफा, म्हणजे स्नायू, सुकून निबर होतो. म्हणून दोनेक वर्षांहून जुन्या इजेवर आजवर इलाज नव्हता. नवं सापडलं होतं ते असं, की पाटाच्या भिंती ज्या पेशींच्या बनलेल्या असतात, त्या पेशी म्हाताऱ्या होत नाहीत, नुसत्या काम विसरतात. त्यांना काम आठवून देणारा एक रेणू दर आठवड्याला पायात टोचायचा. चेंगरलेल्या जागी रेशमाहून बारीक धागा बसवायचा, म्हणजे पाण्याला दिशा मिळते. गाळ निघतो, पाट वाहायला लागतो, सहा वर्षांचा निबर वाफासुद्धा भिजतो.

दिवसाला दोन मिलिमीटर, असा डॉक्टरांचा अंदाज होता. मांडीपासून नडगीच्या स्नायूपर्यंत चाळीस सेंटिमीटर, मग स्नायू जागा व्हायला महिना. हिशेब मे महिन्यात जाऊन पडत होता. स्पर्धा मार्चमध्ये. म्हणून तर तिनं होकार दिला होता. पाय बरा व्हावा ही आप्पांची इच्छाही राहील आणि शर्यतही होईल. क्रीडासंघटनेला तसं लेखी कळवलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, की तीन मार्चला पुन्हा तपासू, आणि त्याआधी काही फरक जाणवला तर ताबडतोब सांगायचं. दुर्वाच्या शरीरानं मात्र दोनाऐवजी तीनची चाल धरली.

चौथ्या दिवशी तिनं आप्पांना फोन लावला. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तसा तिनं फोन पायाकडे वळवला आणि पाऊल उचलून दाखवलं.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या अगदी जवळ आले.

"परत," ते म्हणाले.

तिनं परत उचललं. त्यांनी सात वेळा उचलायला लावलं. मग फोन टेबलावर उताणा पडला असावा, कारण तिला बराच वेळ नुसता छताचा पंखा दिसत राहिला आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. त्यांचा चेहरा पुन्हा दिसायला लागल्यावर तिनं शर्यतीचं काढलं. तीन तारखेला तपासणी आहे, पाय असाच सुधारला तर मला खेळता येणार नाही, रिगझिनचंही जोडीचं खेळणं जाईल, असं सगळं सांगितलं. आप्पांना ते ऐकूच गेलं नाही बहुतेक. पाय आला, आता शर्यतीचं काय घेऊन बसलीस, असं ते म्हणाले. दुर्वाला भयंकर राग आला. पाय गेल्यावर सहा वर्षांत तिनं जे काही उभं केलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात बाजूला सारलं होतं. तिनं फोन बंद केला आणि नंतर दोन दिवस त्यांचा उचललाही नाही.

गंमत अशी, की बरा होणारा पाय तिला हळू करत होता. पाट वाहायला लागला तरी पाणी सुरुवातीला बरोबर वाफ्यात जातंच असं नाही. गव्हाला सोडलेलं कांद्यात शिरतं. बोर्डाचं पुढचं टोक दाबायला दुर्वा गुडघा वाकवी आणि नको असताना पावलाची बोटं आखडत. टाचेच्या कडेवर वळायला जाई आणि घोटा स्प्लिंटशी भांडायला लागे. स्पर्श तर जरुरीपेक्षा जास्त आला होता. कोवळ्या तंतूंना सगळंच मोठं वाटतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मोज्याची शिवण तळव्याला काट्यासारखी टोचे. शून्य गुणांच्या पायावर ती जितकी वेगवान होती, तितकी आता नव्हती. तरी कागदावर ती जास्त सक्षम ठरणार होती. प्रशिक्षक नेगीसर तिच्या वेळा पाहून रोज विचारत, की झोप नीट होते ना, घरी सगळं ठीक आहे ना. ती ठीक म्हणे.

दहाव्या दिवशी तिसऱ्या वळणावर तिचा घोटा अवेळी आखडला, बोर्डाची कड बर्फात रुतली आणि ती घसरत जाऊन रिगझिनवर आदळली. दोघी जाळीत जाऊन पडल्या. रिगझिनचा खांदा चांगलाच मुका मार खाऊन सुजला. हाड वाचलं ते नशीब. दुपारी खोलीत तिच्या खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली असताना दुर्वाला राहवेना. तिनं स्प्लिंट सोडलं, मोजा काढला आणि पाऊल उचललं.

रिगझिन झांस्करची. नऊ वर्षांची असताना रस्त्यावर दरड कोसळून तिचा उजवा पाय गेला होता. चौतिशीला आली होती, बारा वर्षं बोर्डावर होती, आणि दुर्वाला बर्फावर उभं राहायला तिनंच शिकवलं होतं. तिच्या पायात वाहायला पाटच उरला नव्हता. हे औषध तिच्या कामाचं नव्हतं आणि हे दोघींना ठाऊक होतं. तिनं ते पाऊल हातात घेतलं, नुसतंच, एखाद्याचं तान्हं मूल घ्यावं तसं, आणि हसली. ते हसू खरं होतं. दुर्वानं पुढं कित्येक दिवस ते आठवून स्वतःला बजावलं, की ते खरं होतं.

"कधीपासून?" रिगझिननं विचारलं.

"दहा दिवस झाले, दीदी."

हसू विझलं. रिगझिननं पाऊल हळूच खाली ठेवलं. तपासणीची तारीख कोणती, तपासणारे यंत्र लावतात का हातानंच बघतात, हे तिनं विचारून घेतलं. दुर्वानं सांगितलं, की हातानंच.

"मग ढिला सोड," रिगझिन म्हणाली. "महिन्याचा प्रश्न आहे. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. पुढच्या जागतिक स्पर्धेपर्यंतची वर्षं मला या खांद्यावर, या गुडघ्यावर निघायची नाहीत. तुझा पाय सहा वर्षं थांबला, अजून एक महिना थांबेल."

दुर्वा बघते म्हणाली. तिला खरंच तसं करावंसं वाटत होतं. पाय सुधारल्यानं आपण वेगवान तर झालोच नाही, उलट मागं पडलो, मग यात फसवणूक कुणाची, असा युक्तिवाद तिनं स्वतःशी अनेकदा केला आणि प्रत्येक वेळी तो तिला पटला. पुण्याला फोन करून तिनं आडून विचारूनही पाहिलं, की महिनाभर सुया बंद ठेवल्या तर. डॉक्टर म्हणाले, की पाट पुन्हा गाळानं भरेल आणि दुसऱ्यांदा उघडेल याची खात्री नाही. ते तिनं सोडून दिलं. ढिला सोडण्याचा सराव मात्र केला. आंघोळीच्या स्टुलावर बसून पाऊल लोंबतं ठेवायचं आणि चेहरा कोरा. दोन दिवसांत ते छान जमायला लागलं.

तीन मार्चला मनालीच्या एका हॉटेलात तपासणी झाली. दोघांचं पथक होतं. तपासायला इशिदा नावाचे जपानी फिजिओथेरपिस्ट, अगदी मृदू बोलणारे, आणि लिहून घ्यायला एक बाई. इशिदांनी गुडघा पाहिला, मांडी फितीनं मोजली, मग तिचं डावं पाऊल एका हाताच्या ओंजळीत घेऊन दुसरा तळवा वरून ठेवला. त्यांचा हात उबदार होता. तो उबदार आहे हे तिला कळलं.

"वर उचला," ते म्हणाले.

सहा वर्षं रोज सकाळी डोळे उघडल्यावर दुर्वा या पायाला हेच सांगत आली होती. लाडीगोडीनं, रागानं, कधी रडून, आणि पुढं पुढं तर नुसत्या सवयीनं. ज्याची इतकी मनधरणी केली तो आता कुठं उठायला लागला होता. त्याला गप्प पडून राहा म्हणून सांगायचं, एवढंच काम होतं. ते तिला करवलं नाही. त्यात खरेपणाचा विचार होता असं तिला नंतरही कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही. पाऊल वर आलं. इशिदांनी दाबलं. ते दबलं नाही.

"पुन्हा," ते म्हणाले, आणि या वेळी जरा जास्त दाबलं.

त्यांनी साडेतीन गुण दिले. मग दोघा परीक्षकांची कुजबुज झाली, कारण पाय अधिक बिघडल्याचं कळवायला त्यांच्याकडे छापील अर्ज होता, सुधारल्याचा नव्हता. शेवटी बाईंनी जुन्याच अर्जावरचा मथळा पेनानं खोडला. इशिदा उठले, वाकून नमस्कार केला आणि अभिनंदन म्हणाले. तेवढ्यानं दुर्वाला रडू फुटलं.

परत आल्यावर नेगीसरांनी सगळं ऐकून घेतलं. "पाय बरा झाला म्हणून मी रागावलो नाही," ते म्हणाले. "तीन आठवडे गप्प बसलीस म्हणून रागावलोय. तीन आठवड्यांत मी कुठून तरी कुणाला तरी आणून उभं केलं असतं. पदक नसतं मिळालं, पण रिगझिनला उतरता आलं असतं." तपासणीत पाय उचलला याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, पण ते तीन आठवडे तिच्या मनात रुतून बसले. जोडीच्या शर्यतीतून भारताचं नाव निघालं. रिगझिननं आपली गादी आणि बोर्ड उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. भांडली नाही, ओरडली नाही. एकटीच्या शर्यतीत तिचं नाव होतं, त्याचा सराव ती करत राहिली, आणि दुर्वा समोर आली की मेणाच्या डबीकडे बघायची.

दुर्वानं सामान बांधलं होतं. नेगीसरांनीच थांबवलं. शर्यतीच्या आधी एका जाणकार खेळाडूला मार्गावरून सोडतात. त्याला नंबर नसतो, त्याची वेळ कुणी घेत नाही. बर्फ कुठं कसा आहे ते तो खाली येऊन सांगतो आणि ते सगळ्या देशांच्या प्रशिक्षकांना एकदमच ऐकवतात. या कामाला कोणत्याही गटाची अट नव्हती आणि सिस्सूचा मार्ग दुर्वाइतका कुणाला पाठ नव्हता. तिनं आधी नाही म्हटलं. ज्या मार्गावर आपण शर्यत लावणार होतो, त्यावर पाहुण्यासारखं जायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग हो म्हणाली, कारण घरी जाऊन आप्पांच्या आनंदाला तोंड देण्यापेक्षा ते सोपं होतं.

ते पंधरा दिवस तिनं घोट्याशी नव्यानं ओळख करून घेण्यात घालवले. स्प्लिंट काढून टाकलं. पहिल्या दिवशी लहान मुलांच्या उतारावर आठ वेळा पडली. गहू आणि कांदा हळूहळू वेगळे व्हायला लागले. वेग आला नाही, पण एक नवीच गोष्ट हाती लागली. बुटातून, फळीतून, बर्फाची जात तिच्या तळव्याला कळायला लागली. भुसभुशीत, दाणेदार, वरून मऊ आणि आतून काच. इतर कुणाला असं कळतं का, हे तिनं संघातल्या धडधाकट मुलींना विचारलं. त्या हसल्या. एवढं बारीक कुणाला कळतं, असं म्हणाल्या.

बावीस मार्चला सकाळी एकटीच्या शर्यती होत्या. ऊन लख्ख होतं. मार्गात ठिकठिकाणी पुरलेली मापकं बर्फाचं तापमान आणि घट्टपणा सांगत होती. सगळीकडे घट्ट, एकसारखा, उत्तम. दुर्वा बिननंबरी कपड्यांत दारातून सुटली. तिसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला तिच्या तळव्याखालून काहीतरी पोकळ सरकलं. वर दोन बोटं बर्फ आणि खाली गोठलेलं पाणी. काल दुपारच्या उन्हात जुना बर्फ आत वितळून रात्रीत काच झाला होता. मापक तिथून चार हातांवर होतं. खाली येऊन तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. सगळ्या प्रशिक्षकांनी ऐकलं, मापकांचे आकडे पाहिले, आणि बहुतेकांनी आकड्यांवर विश्वास ठेवला. आतली बाजू जवळची होती, तिथून वेळ वाचत होता.

ती रोपवेच्या पाळण्यात बसून पुन्हा वर आली तेव्हा रिगझिन दाराच्या मागं गुडघ्याचा पट्टा आवळत होती. एकोणीस दिवसांनी ती प्रथमच दुर्वाकडे बघून बोलली.

"तिसरं वळण. नक्की?"

"नक्की. वरून जा, दीदी. लांब पडेल, पण वरूनच जा."

"आकडे तर वेगळं सांगतात."

"आकड्यांना पाय नाही."

रिगझिननं तिच्या पायाकडे पाहिलं, मग मान हलवली आणि दाराकडे वळली.

अंतिम फेरीपर्यंत ती प्रत्येक वेळी दुसरी येत पोहोचली. अंतिम फेरीत दारातून सगळ्यांत शेवटी निघाली. तिसऱ्या वळणाला चौथी होती. वरचा बर्फ तोवर बोर्डांनी खरवडून गेला होता आणि आतली काच उघडी पडली होती. पुढच्या तिघींपैकी दोघी आतून गेल्या आणि दोघींचे बोर्ड एकदम निसटले. एक पडली, दुसरी तोल सावरण्यात मागं राहिली. रिगझिन बांधाच्या अगदी माथ्यावरून, जाळीला खांदा घासत, वळून बाहेर आली तेव्हा तिच्यापुढं एकच जण होती. शेवटच्या उडीवर मागं राहिलेल्या डच मुलीनं तिला गाठलं आणि ओलांडलंही. रिगझिन तिसरी आली. सिस्सूच्या बायकांनी जो आवाज केला तो पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला.

दुर्वा जाळीपाशीच उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर रिगझिन स्वतः तिच्यापर्यंत आली. पदक तिनं जॅकेटच्या आत घातलं होतं.

"जोडीचं मी विसरलेले नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"विसरायला वेळ लागेल." मग तिनं आपला बोर्ड दुर्वाच्या हातात दिला, कारण तिच्या खांद्याला तो पेलवत नव्हता, आणि दोघी उतारावरून चालत खाली आल्या. त्या संध्याकाळी तिनं गादी परत आणली नाही. पुढच्या आठवड्यात आणली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, मार्ग विरघळायच्या आधी, गावकऱ्यांनी एक शर्यत ठेवली. कुणीही यावं, कुणाबरोबरही लढावं. बायकांच्या शर्यतीत बावीस नावं आली. लाहौलच्या मुली, संघातल्या धडधाकट मुली, मनालीच्या दोन शिक्षिका, रिगझिन आणि दुर्वा. आप्पा ओतूरहून आले होते. फोनवरचं भांडण मिटलं होतं असं नाही, पण त्यांनी पत्र लिहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात जीवधनचं नाव होतं आणि त्या मेखेचंही. पायाबद्दल मात्र एकच ओळ होती. मला बरं वाटावं म्हणून तू पाय बरा करून घेतलास, आता शर्यतीत काय बघायचं असतं ते मला दाखव.

तिनं दाखवलं. स्प्लिंटशिवाय, दोन्ही पायांच्या जोरावर, सगळी वळणं न पडता उतरून ती एकोणिसावी आली. खाली पोहोचली तेव्हा रिगझिन कधीचीच बर्फावर बसून कृत्रिम पायाचा पट्टा सैल करत होती. ती अकरावी आली होती.

"दोन्ही पाय घेऊन आलीस ना?" रिगझिननं विचारलं. "का एखादा वर राहिला?"

दुर्वा हसत हसत बर्फातच बसली. आप्पांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी रिगझिनकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि मग तेही हसले, आधी जपून आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या पायावरून त्या घरातलं कुणी सहा वर्षांत हसलं नव्हतं.

मग रिगझिननं बोटानं बर्फात मार्गाचा नकाशा काढला आणि दुर्वा कुठं कुठं चुकली ते सांगायला घेतलं. दुसऱ्या उंचवट्यावर वजन मागं टाकलंस. वळणात घोट्यावर विसंबतेस पण त्याला अजून अक्कल नाही, गुडघा विसरू नकोस. अर्धा तास ती बोलत होती. आप्पा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते आणि मध्येच एकदा त्यांनी विचारलंही, की त्या तिसऱ्या वळणात कड कुठली धरायची. दुर्वानं एकेक चूक लक्षात घेतली. गुलमर्गला उंचावर अजून बर्फ होता, आणि तिथली खुली शर्यत पंधरा दिवसांवर आली होती.